आरोग्यसेवा व धोरण संशोधनाचे साहाय्यजाळे

आरोग्यसेवा व धोरण संशोधनाचे साहाय्यजाळे म्हणजे आरोग्यसेवेचा अभ्यास करणाऱ्या व्यक्ती व संस्था, त्यांना लागणारी माहिती, प्रशिक्षण, निधी व नैतिक परीक्षण पुरविणाऱ्या संस्था आणि त्यांच्या निष्कर्षांवर निर्णय घेऊ शकणारे शासन व समाज यांना परस्परांशी जोडणारी रचना होय. ही रचना काही ठिकाणी कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेच्या रूपात असते, तर काही ठिकाणी वर्षानुवर्षांच्या ओळखीतून व सहकार्यातून आकारास आलेली असते. या क्षेत्रातील एकटा अभ्यास क्वचितच धोरणापर्यंत पोहोचतो. जे अभ्यास पोहोचले, त्यांच्यामागे असे जाळे उभे होते, हे भारतातील व अन्य देशांतील उदाहरणांवरून दिसून येते.

संज्ञा आणि स्वरूप

वैद्यकीय संशोधन सामान्यतः रोगाचे कारण, औषध किंवा लस यांचा शोध घेते. आरोग्यसेवा संशोधनाचा प्रश्न निराळा असतो. क्षयरोगावर गुणकारी औषधे उपलब्ध आहेत, हे वैद्यकाने सिद्ध केलेले असते. परंतु ती औषधे योग्य प्रमाणात, योग्य काळपर्यंत आणि परवडणाऱ्या खर्चात रुग्णाच्या हाती का पडत नाहीत, हा आरोग्यसेवा संशोधनाचा विषय होय. धोरण संशोधन याहून एक पायरी पुढे जाऊन निर्णय कसे घेतले जातात, कोणाच्या दबावाने बदलतात आणि कागदावरचा निर्णय उपकेंद्रापर्यंत जाताना त्याचे काय होते, याचा विचार करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या परिभाषेत या क्षेत्रास ‘आरोग्य धोरण व व्यवस्था संशोधन’ म्हणतात, तर कॅनडात ‘आरोग्यसेवा व धोरण संशोधन’ हे नाव रूढ आहे. दोन्हींचा आशय बराचसा समान आहे.

या अभ्यासास एकच विद्याशाखा पुरत नाही. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र, मानवशास्त्र, कायदा आणि वैद्यक या सर्वांची त्यात गरज पडते. प्रयोगशाळेऐवजी गाव, वस्ती, रुग्णालय किंवा जिल्हा हेच अभ्यासाचे क्षेत्र असते, त्यामुळे अभ्यासक तेथील लोकांवर व कर्मचाऱ्यांवर अवलंबून असतो. शिवाय निष्कर्ष अनेकदा शासनाला किंवा वैद्यकीय व्यवसायाला गैरसोयीचे असतात. औषधनिर्मितीतील संशोधनाला ग्राहक असतो. रुग्णालयातील दरपत्रकाच्या किंवा बालमृत्यूंच्या नोंदींच्या अभ्यासाला असा ग्राहक सहसा नसतो. यामुळे या क्षेत्रास आधाराची गरज इतर शाखांपेक्षा अधिक भासते.

पार्श्वभूमी

सेवांचे स्वरूप मोजून पाहण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. ब्रिटनमधील आर्ची कॉक्रेन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उपचारांची परिणामकारकता तपासूनच त्यांवर सार्वजनिक पैसा खर्च करावा, असे प्रतिपादन केले. पुढील वर्षी जॉन वेनबर्ग व अ‍ॅलन गिटलसन यांनी अमेरिकेतील व्हरमाँट राज्याचा अभ्यास मांडला. शेजारशेजारच्या भागांत टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण दहापटीहून अधिक फरकाने बदलत असल्याचे त्यात आढळले. मुलांच्या घशात एवढा फरक असणे शक्य नव्हते. फरक होता तो डॉक्टरांच्या सवयींत. हा अभ्यास होऊ शकला, कारण सबंध राज्यातील रुग्णालयीन नोंदी एकत्र मिळण्याची सोय तेथे झाली होती.

विकसनशील देशांत अशी सोय नव्हती. विकासासाठी आरोग्य संशोधन या विषयावरील आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९० साली दिलेल्या अहवालात ही विषमता प्रथम ठळकपणे पुढे आली. जगात आरोग्य संशोधनावर होणाऱ्या खर्चापैकी सुमारे ५ टक्के खर्चच विकसनशील देशांच्या प्रश्नांवर होतो, असे आयोगाने दाखविले. प्रत्येक देशाने, मग तो कितीही गरीब असो, स्वतःच्या आरोग्यप्रश्नांचा स्वतः अभ्यास करण्याची क्षमता उभारावी, ही आयोगाची मुख्य शिफारस होती. त्यानंतरच्या दशकात १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संशोधन मंच आणि १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आश्रयाने जिनीव्हा येथे ‘आरोग्य धोरण व व्यवस्था संशोधन सहयोग’ या संस्था स्थापन झाल्या. या सहयोगाने गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील संस्थांना अनुदान, प्रशिक्षण व पद्धतिशास्त्रीय मार्गदर्शन देण्याचे काम हाती घेतले. अभ्यासकांचे पहिले जागतिक संमेलन २०१० साली स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे भरले आणि २०१२ च्या बीजिंग संमेलनात ‘हेल्थ सिस्टिम्स ग्लोबल’ ही सदस्यसंस्था जाहीर झाली. संमेलने दर दोन वर्षांनी भरतात. परंतु जाळे संमेलनांत विणले जात नाही, ते देशादेशांत विणावे लागते.

थायलंड

या संदर्भात थायलंडचे उदाहरण सर्वाधिक अभ्यासले गेले आहे. तेथे १९९२ साली कायद्याने आरोग्य व्यवस्था संशोधन संस्था स्थापन झाली. तिला सार्वजनिक निधी मिळत असला, तरी ती मंत्रालयाच्या खात्यांपैकी एक नव्हती. या स्वायत्ततेमुळे मंत्रालयाला न रुचणारे प्रश्नही विचारता आले. तरुण डॉक्टरांना ग्रामीण रुग्णालयांत काम करावे लागत असे, आणि त्यांतूनच ग्रामीण डॉक्टरांची संघटना उभी राहिली होती. पुढे संशोधक व अधिकारी झालेल्या अनेकांची जडणघडण याच संघटनेत झाली. खेड्यातील रुग्णालय चालविलेला मनुष्य पुढे अर्थसंकल्पाचा हिशेब करू लागला, म्हणजे आकड्यांकडे पाहण्याची त्याची दृष्टी वेगळी असते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

सर्व नागरिकांना आरोग्य संरक्षण देण्याच्या योजनेचा आराखडा व खर्चाचे अंदाज या मंडळींनी आधीच तयार ठेवले होते. मंत्रालयातील डॉ. सान्गुआन नित्यारम्फोंग हे ती कल्पना घेऊन राजकीय पक्षांकडे गेले. २००१ च्या निवडणुकीत एका पक्षाने ती उचलली आणि सत्तेवर येताच अंमलबजावणी सुरू केली. प्रत्येक भेटीस ३० बाट एवढेच शुल्क आकारण्याची ही योजना २००२ पर्यंत देशभर लागू झाली. निवडणुकीच्या धामधुमीत नवे संशोधन करण्यास वेळ नसतो. ज्यांच्याकडे तयार अभ्यास असतो, त्यांचेच म्हणणे अशा वेळी ऐकले जाते. ज्येष्ठ वैद्यक प्रवेत वासी यांनी ज्ञाननिर्मिती, समाजाची चळवळ आणि राजकीय सहभाग या तिन्ही बाजू जुळल्या तरच डोंगर हलतो, अशी मांडणी केली. ती ‘डोंगर हलविणारा त्रिकोण’ या नावाने ओळखली जाते.

अन्य देश

घानाच्या उत्तर भागातील नावरोंगो येथे १९९४ मध्ये एक क्षेत्रप्रयोग सुरू झाला. परिचारिकेने आरोग्य केंद्रात रुग्णाची वाट पाहण्याऐवजी गावातच राहून घरोघर सेवा द्यावी, गावाच्या प्रमुखांनी व स्वयंसेवकांनी तिला साहाय्य करावे, अशी त्याची रचना होती. निष्कर्ष हाती येऊ लागताच अन्य जिल्ह्यांतील अधिकाऱ्यांना नावरोंगोला आणून काम दाखविण्यात आले व १९९९ मध्ये ते राष्ट्रीय धोरण झाले. छापील अहवालापेक्षा शेजारच्या जिल्ह्यातील सहकाऱ्याने दाखविलेले काम अधिक पटते, हा या प्रयोगाचा धडा मानला जातो.

टांझानियातील मोरोगोरो व रुफिजी या जिल्ह्यांत तेथील आरोग्य मंत्रालय आणि कॅनडाचे आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्र यांनी मिळून एक साधा प्रश्न विचारला : लोक कशाने मरतात आणि जिल्ह्याचा पैसा कशावर खर्च होतो? दोन्हींचा मेळ बसत नव्हता. हिवतापाने होणारी हानी फार मोठी होती आणि त्यावरील तरतूद अत्यल्प. घरोघरच्या मृत्यूंची सलग नोंद असल्यामुळेच ही तफावत दिसली. जिल्हा अधिकाऱ्यांना ती समजेल अशा आलेखांत मांडून दिली गेली व त्यांनी अंदाजपत्रकाची फेरमांडणी केली. माणशी सुमारे एक डॉलर एवढी अल्प वाढीव रक्कम हाती देण्यात आली होती. पुढील पाच वर्षांत या जिल्ह्यांतील बालमृत्यूंचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक घटले.

श्रीमंत देशांपैकी कॅनडाने अशा रचनेला सर्वांत औपचारिक रूप दिले. मॅनिटोबा प्रांतात १९९१ साली स्थापन झालेल्या केंद्रात रुग्णालयांच्या व डॉक्टरांच्या देयकांच्या नोंदी रुग्णांची नावे काढून संशोधनासाठी एकत्र ठेवल्या जातात. देशपातळीवर २००० साली स्थापन झालेल्या आरोग्य संशोधन संस्थांच्या समूहात तेरा संस्था होत्या व त्यांतील एक केवळ आरोग्यसेवा व धोरण संशोधनासाठी होती.

भारत

भारतात आरोग्यव्यवस्थेचा पहिला सर्वंकष आढावा भोर समितीने १९४६ साली सादर केला. स्वातंत्र्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे लक्ष प्रामुख्याने रोगांवर राहिले, तर समाजशास्त्रज्ञांना आरोग्य हा आपला विषय वाटत नव्हता. या दोन प्रवाहांना एकत्र आणण्याचा महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे वैद्यकीय संशोधन परिषद व भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद यांनी संयुक्तपणे नेमलेला अभ्यासगट. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील या गटाचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांची प्रेरणा होती. आरोग्याचे नियोजन शिक्षण, अन्न व रोजगार यांच्यापासून तोडून करता येत नाही, ही त्या अहवालाची भूमिका आजही अभ्यासक्रमांत शिकविली जाते. शिफारशी मात्र बव्हंशी कागदावर राहिल्या, कारण त्यांचा पाठपुरावा करणारी कायम यंत्रणा नव्हती.

आकडेवारीच्या बाबतीत स्थिती कालांतराने सुधारली. मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने १९९२–९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे समन्वयन केले असून पाचवी पाहणी २०१९–२१ मध्ये झाली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आरोग्यविषयक फेऱ्यांतून लोकांच्या उपचारखर्चाची माहिती मिळते. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्राने १९९७ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. २०१५ मध्ये अनेक संस्थांनी एकत्र येऊन ‘कीस्टोन’ नावाचा या विषयाचा प्रशिक्षणक्रम चालविला. छत्तीसगडमध्ये २००२ साली शासन व स्वयंसेवी संस्था यांच्या सहकार्याने राज्य आरोग्य संसाधन केंद्र उभे राहिले. तेथील मितानिन योजनेचा अनुभव २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ योजनेच्या आखणीत उपयोगी पडला.

महाराष्ट्र

महाराष्ट्रातील जाळे कोणत्याही शासकीय आदेशाने तयार झाले नाही. १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ या मित्रमंडळाने देशभरातील विचारी डॉक्टर, विद्यार्थी व कार्यकर्ते यांना एकत्र आणले. वार्षिक बैठका, एक पत्रिका आणि मनमोकळे मतभेद एवढ्यावर हे मंडळ चालले. याच सुमारास प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अंतिया यांनी १९७५ मध्ये ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ ही संस्था स्थापन केली. रायगड जिल्ह्यातील मांडवा येथे अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रिया आरोग्यसेवेचे किती काम करू शकतात, याचा प्रयोग अंतियांनी केला. तो यशस्वी ठरत असतानाच स्थानिक सत्ताधाऱ्यांच्या विरोधामुळे गुंडाळावा लागला. ज्ञान आणि लोकांचा पाठिंबा असूनही राजकीय बाजू सांभाळली गेली नाही, तर काय होते याचे हे बोलके उदाहरण आहे.

या संस्थेने घडविलेल्या अभ्यासकांनी पुढे अनेक दिशांना काम नेले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जळगाव जिल्ह्यातील घरोघरच्या पाहणीतून, कुटुंबे स्वतःच्या खिशातून आरोग्यावर करीत असलेला खर्च शासनाच्या खर्चाहून पुष्कळ अधिक आहे आणि तो प्रामुख्याने खासगी डॉक्टरांकडे जातो, हे दिसून आले. त्या काळी सरकारी दवाखाने हीच आरोग्यव्यवस्था, असे गृहीत धरले जाई. आज राष्ट्रीय आरोग्य लेखा दरवर्षी हा वाटा मोजतो. २०१३–१४ मध्ये तो एकूण आरोग्यखर्चाच्या ६४.२ टक्के होता, तर २०२१–२२ मध्ये ३९.४ टक्के दाखविला गेला. ही घट खरोखर एवढी आहे काय, यावर अभ्यासकांत वाद आहे. परंतु वाद घालता यावा एवढी आकडेवारी उपलब्ध असणे हेही जाळ्याचेच फलित होय.

याच संस्थेतील डॉ. मुकुंद उपळेकर यांचा १९९१ साली प्रसिद्ध झालेला धारावीतील अभ्यास लहान होता, पण त्याची दखल जगभर घेतली गेली. शंभर खासगी डॉक्टरांना क्षयरोग्यास कोणती औषधे द्याल, असे विचारले असता त्यांनी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहून दिल्या. खासगी डॉक्टरांना वगळून क्षयरोग नियंत्रण करता येणार नाही, हा विचार यातून बळावला व उपळेकर यांनी पुढे जागतिक आरोग्य संघटनेत सार्वजनिक-खासगी सहभागाचे धोरण आकारास आणण्यात भाग घेतला. दरम्यान १९९७ पासून भारतात सुधारित क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तरीही २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तशाच अभ्यासात धारावीतील १०६ डॉक्टरांनी ६३ योजना लिहिल्या आणि त्यांपैकी अवघ्या सहांचे औषधपत्र बरोबर होते. जागतिक धोरण बदलले, गल्लीतला दवाखाना बदलला नाही. २०१२ मध्ये प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनास कळविणे खासगी डॉक्टरांना बंधनकारक झाले.

मुंबईत अनुसंधान ट्रस्टच्या ‘सेहत’ या संस्थेने १९९४ पासून खासगी रुग्णालये, स्त्रियांवरील हिंसा व आरोग्यहक्क यांवर संशोधन केले. महापालिकेच्या वांद्रे येथील भाभा रुग्णालयात सुरू झालेले ‘दिलासा’ हे हिंसाग्रस्त स्त्रियांसाठीचे केंद्र संशोधक व रुग्णालय प्रशासन यांच्या थेट सहकार्यातून उभे राहिले. लिंगनिवडीच्या प्रश्नावर संशोधन, चळवळ व न्यायालय यांची साखळी दिसते. १९८० च्या दशकात मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पाहणीतून गर्भलिंगचाचणी किती सर्रास चालते हे उघड झाले, महिला संघटनांनी आंदोलन केले व १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा १९९४ चा कायदा अंमलात येत नसल्याने २००० मध्ये ‘सेहत’, ‘मासूम’ व साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, आणि त्यानंतरच्या आदेशांमुळे अंमलबजावणीस वेग येऊन २००३ मध्ये कायद्यात सुधारणा झाली.

गडचिरोली : प्रयोग ते धोरण

एक अभ्यास धोरणापर्यंत कसा जातो, याचे सर्वांत तपशीलवार उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय व राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तेथील पहिली गरज औषधाची नसून मोजणीची होती. गावातील जन्म व मृत्यूंची विश्वासार्ह नोंद नसेल, तर उपायाने मृत्यू घटले की नाही हे सांगता येत नाही. नोंद बसल्यानंतर १९९३ पासून ३९ गावांत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग सुरू झाला. ४७ गावे तुलनेसाठी घेण्यात आली. गावातलीच प्रशिक्षित स्त्री, म्हणजे ‘आरोग्यदूत’, प्रसूतीच्या वेळी हजर राही, बाळाचे वजन करी, त्यास ऊब देई, श्वास न घेणाऱ्या बाळास साहाय्य करी आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास प्रतिजैविक देई. त्यात इंजेक्शनचाही समावेश होता, आणि वाद झाला तो नेमका त्यावरच. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले.

एवढ्याने धोरण बदलले नाही. हे यश एका असामान्य दांपत्याचे आहे, इतरत्र ते जमणार नाही, असा आक्षेप आला. तो अगदीच गैरलागू नव्हता. त्याचे उत्तर युक्तिवादाने देता येत नव्हते. म्हणून २००१ ते २००५ या काळात ‘अंकुर’ प्रकल्पाद्वारे महाराष्ट्रातील सात स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या क्षेत्रात ही पद्धत राबवून पाहिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही पाच राज्यांत तिची चाचणी घेतली. दुसऱ्या बाजूने, अनेक संस्थांनी मिळून केलेल्या बालमृत्यूंच्या गणनेचा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे त्यात दाखविले होते. अहवालाचे हे मराठी नाव वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचले. आकड्यांच्या तक्त्याने जे सहसा साधत नाही, ते दोन शब्दांनी साधले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. विधिमंडळात व न्यायालयात हा प्रश्न गाजला आणि राज्य शासनाने २००३ मध्ये डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.

२०११ मध्ये केंद्र शासनाने घरगुती नवजात काळजी कार्यक्रम देशभर लागू केला. त्यानुसार दवाखान्यात प्रसूती झाल्यास ‘आशा’ कार्यकर्ती ४२ दिवसांत सहा वेळा, घरी झाल्यास सात वेळा भेट देते. धोरणात उतरताना प्रयोगाचे रूप मात्र पालटले. इंजेक्शन देण्याचा अधिकार ‘आशां’ना मिळाला नाही, जेंटामायसिन देण्याची मुभा २०१४ मध्ये परिचारिकांना, म्हणजे ए.एन.एम. ना, देण्यात आली. पहिल्या निष्कर्षांपासून राष्ट्रीय कार्यक्रमापर्यंत बारा वर्षे लागली. प्रयोग करणाऱ्यांपाठोपाठ पडताळणी करणाऱ्या संस्था, मृत्यू मोजणारा गट, वृत्तपत्रे, न्यायालय व परिषद यांपैकी एकही दुवा नसता, तर हा काळ आणखी लांबला असता.

वढू आणि लोकाधारित देखरेख

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७७ पासून वढू बुद्रुक परिसरात ग्रामीण आरोग्याचे काम केले. तेथे २००२ पासून २२ गावांतील प्रत्येक जन्म, मृत्यू व स्थलांतराची सलग नोंद ठेवली जाते. हे केंद्र अशा नोंदक्षेत्रांच्या ‘इन्डेप्थ’ या १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय जाळ्याचे सदस्य आहे. नावरोंगोसारखी आफ्रिकेतील क्षेत्रे व वढू यांच्या नोंदींची तुलना यामुळे करता येते.

याहून वेगळा प्रयत्न म्हणजे २००७ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत सुरू झालेली लोकाधारित देखरेख. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे व ठाणे या पाच जिल्ह्यांत पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने गावकऱ्यांनी आपल्या उपकेंद्राचे व प्राथमिक आरोग्य केंद्राचे प्रगतिपुस्तक तयार केले. सेवा चांगली असल्यास हिरवा, मध्यम असल्यास पिवळा व वाईट असल्यास लाल रंग देण्यात येई. नंतर जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचले जाई. औषधे बाहेरून आणावयास लावणे, डॉक्टर गैरहजर असणे, पैसे मागणे अशा तक्रारी तेथे उघडपणे मांडल्या गेल्या. काटेकोर संशोधनाच्या कसोटीवर या प्रगतिपुस्तकांत उणिवा काढता येतील. परंतु संशोधनाचा प्रश्न कोणी ठरवावा, याचे उत्तर येथे बदललेले दिसते.

अडचणी

स्वायत्तता व निधी यांचा प्रश्न सर्वत्र आहे. शासनाच्या पैशाने चालणारी संस्था शासनाचे दोष कितपत दाखवील, ही शंका राहतेच. परदेशी निधीवर अवलंबून राहिल्यास विषयांचा अग्रक्रम बाहेरून ठरण्याचा धोका असतो. भारतात २०२० च्या परकीय अंशदान नियमन कायद्यातील दुरुस्तीने एका नोंदणीकृत संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे देण्यास मनाई झाली व प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेने अनुदान मिळवावयाचे आणि जिल्ह्यातील लहान संस्थांना त्यात सहभागी करून घ्यावयाचे, ही पद्धत त्यामुळे बंद झाली. जाळ्यातील दूरच्या व लहान गाठींनाच याची झळ अधिक बसते.

नैतिक परीक्षण ही दुसरी गरज होय. सामाजिक स्वरूपाच्या आरोग्य संशोधनासाठी ‘सेहत’च्या पुढाकाराने नेमलेल्या राष्ट्रीय समितीने २००० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. मुंबईतूनच १९९३ पासून निघणारे वैद्यकीय नीतिविषयक नियतकालिक २००४ पासून ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ या नावाने प्रसिद्ध होते.

भाषेचा अडसर फारसा चर्चिला जात नाही. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत केलेले अभ्यास इंग्रजी नियतकालिकांत छापले जातात. ज्या गावकऱ्यांनी प्रश्नांची उत्तरे दिली, ज्या ‘आशां’नी वह्या भरल्या आणि ज्या जिल्हा परिषद सदस्यांनी त्यावर ठराव करावयाचा, त्यांच्या हाती मराठी सारांशही सहसा पडत नाही. ‘कोवळी पानगळ’ व लोकाधारित देखरेखीची प्रगतिपुस्तके हे याला ठळक अपवाद होत.

निर्णयास आधार म्हणून संशोधन मागविण्याची औपचारिक सोय केंद्राने २००७ मध्ये स्थापन केलेल्या आरोग्य संशोधन विभागामार्फत झाली आहे. त्या विभागांतर्गत २०१७ पासून आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकनाचे काम चालते. एखादे उपकरण, चाचणी वा उपचारपद्धती सार्वजनिक खर्चाने पुरवावी काय, याचा हिशेब त्यासाठी जोडलेल्या देशभरातील शैक्षणिक व संशोधन संस्था करतात. कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हावार पत्रके व राष्ट्रीय आरोग्य लेख्यांचे अहवाल सर्वांस विनामूल्य खुले असून आपल्या जिल्ह्यातील लसीकरण, प्रसूतिसेवा वा बालकांच्या पोषणाची स्थिती महाविद्यालयीन विद्यार्थ्यासही त्यांवरून तपासून पाहता येते.